उणे ४० अंश आणि प्रामाण्याचा प्रश्न

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारींना सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ या निदानव्यवस्थेमुळे चालकाला धावत्या गाडीत इंजिनाचे तापमान पडद्यावर दिसू शकते. पण ते दिसणे प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी थेट झालेले ज्ञान नव्हे, कारण सेन्सरचा विद्युतरोध उष्णतेने घटतो आणि त्यामुळे बदलणाऱ्या व्होल्टेजवरून संगणक तापमानाचे अनुमान करतो. अशा ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे खरेपण, कशाने ठरते? भारतीय तत्त्वज्ञानातील मीमांसा दर्शनाच्या अनुयायांच्या, म्हणजे मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक, म्हणजे त्याला खोटे ठरवणारे, ज्ञान होईपर्यंत शंकेचे कारण नसते. न्याय दर्शनाचे अनुयायी नैयायिक मात्र ते ‘परतः’, म्हणजे त्यानुसार केलेली कृती सफल झाल्यावर, ठरते असे मानतात. सेन्सरची तार तुटली की अनेक गाड्यांत आकडा थेट उणे ४० अंशांवर जातो, कारण या व्यवस्थेच्या संकेतात ती सर्वांत खालची मर्यादा आहे, आणि बॉनेटखालून वाफ येत असली तरी तो हलत नाही. येथे मीमांसकांचे मत टिकते, कारण वाफ हेच बाधक ज्ञान होय. परंतु ८८ अंशांवर अडकलेला, सहज पटणारा आकडा शंकाच येऊ देत नाही. तो इंजिनाच्या वागण्याशी ताडूनच पाहावा लागतो, आणि तेथे नैयायिकांची बाजू निःसंशय सरस ठरते.