ओळख कोणाला किती?

माझा भाचा इस्पितळांसाठी संकेतस्थळे तयार करतो. त्याच्या कामातले मला फारसे कळत नाही. पण तो सांगू लागला, की संगणकापेक्षा माणसांविषयीच काहीतरी ऐकतो आहे असे वाटते.

"मामा, ही यंत्रणा मुळात मोठी विसरभोळी," परवा फराळ करताना तो म्हणाला. "नाव नि परवलीचा शब्द देऊन तुम्ही आत आलात, तरी पुढचे पान मागताच तुम्ही पुन्हा परके!"

यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी तोड काढली. आत येणाऱ्याला एक खुणेची चिठ्ठी द्यायची आणि पुढे प्रत्येक दाराशी तीच पाहायची. तिचे नाव कुकी. बहुधा तिच्यावर नाव-गाव नसते. देवळाबाहेर चपलांसाठी मिळतो तसा नुसता बिल्ल्याचा आकडा. त्यावरून आतला पहारेकरी माणूस ओळखतो आणि त्याची माहिती पुढच्या खोलीकडे धाडतो.

"मग सोपेच की! सगळ्या खोल्यांना सगळे कळवून टाकावे," मी म्हणालो.

"सगळे कशाला, मामा?"

मी बोलायचा थांबलो. मला एक जुनी दुपार आठवली. पत्नीला इस्पितळात नेले होते. चार खिडक्यांवर तेच नाव, तेच वय, तीच कहाणी. अखेर मीच तावातावाने म्हणालो, "एकदा काय ते लिहून घ्या आणि पुढे पाठवा!" कागद पुढे गेला. पाचव्या खिडकीवर पैसे घेणाऱ्या कारकुनाने तो उघडला आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तिचा आजार वाचला. ती काही बोलली नाही. पदर सावरून खाली पाहत राहिली.

कारकून दुष्ट नव्हता. कागद हाती आला, म्हणून त्याने वाचला. आपण तरी निराळे काय करतो? मित्राने विश्वासाने सांगितलेले दुःख काळजीपोटी चार घरी पोचवतोच ना? दुसऱ्याने दिलेली ओळख ही ठेव असते. ती पुढे द्यावी लागली, तर घेणाऱ्याच्या कामापुरतीच द्यावी. आपली सोय हे काही त्याचे माप नव्हे.

"पैशांच्या खिडकीला मी फक्त नाव आणि रक्कम कळवतो," भाचा म्हणाला.

स्वयंपाकघरातून पत्नीने विचारले, "कसल्या गप्पा चालल्यात?"

त्या दुपारी सोय मी मागितली होती. किंमत तिने मोजली. इतक्या वर्षांत हे तिला मी कधी बोललो नव्हतो. मी उठून आत गेलो.