हात उगारण्याआधी

नागपूरच्या 'मेडिकल'मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. रात्री एका स्ट्रेचरभोवती दहा नातेवाईक अन् समोर रात्रभर जागा असलेला निवासी डॉक्टर. "पाहा ना जी लवकर!" इथवर ठीक. पण काय चाललंय ते कुणी सांगत नाही, आणि मग कुणाचा तरी हात उठतो.

रुग्णालयातील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे: अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, नुकसानीची दुप्पट भरपाई. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील डॉक्टर तरुणीच्या बलात्कार-हत्येनंतर केंद्राने बजावलं की डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हल्ला झाल्यास सहा तासांत संस्थाप्रमुखानेच गुन्हा नोंदवावा. हे बरंच झालं. मार खाणाऱ्यानेच ठाण्याच्या पायऱ्या का चढाव्यात?

आज मेडिकलला किंवा नागपूरच्याच मेयो रुग्णालयात जाणार असाल, तर रुग्णाजवळ एकानेच थांबा. बाकीच्यांनी बाहेर बसा.