चौथं ऋण

इलेक्ट्रिक मोटारसायकलवर खेडोपाडी फिरणाऱ्याला दुपार झाली की कुणाच्या तरी दारात उभं राहून मागावं लागतं. पेट्रोलवर फिरणाऱ्याला ते चुकतं. तो पंपावर पैसे टाकतो आणि निघतो, कुणाचं काही देणं लागत नाही. मोठ्या हमरस्त्यांवर आता चार्जिंगची सोय होते आहे. मी मात्र फिरते ती माण, सांगोला, मंगळवेढा, पाटण या तालुक्यांतल्या आतल्या रस्त्यांनी. तिथं चार्जिंग म्हणजे एखाद्या घरातलं पंधरा अँपिअरचं सॉकेट. हेल्मेट काढून अंगणाच्या कडेला थांबायचं आणि विचारायचं, "घरात कुणी आहे का? गाडीला जरा लाईट मिळंल का?"

माझ्या गाडीची बॅटरी 3.24 युनिटांची आहे. ती काढून घरात नेता येते. पार उतरली असेल तर भरायला साडेचार तास लागतात, आणि चार्जरमध्ये वाया जाते ती धरून साडेतीन-चार युनिटं वीज. घरगुती दरानं पन्नास रुपयांच्या आतबाहेर. हे पन्नास रुपये अजून एकाही घरात कुणी माझ्या हातून घेतलेले नाहीत. "लाईटीचं कुठं पैसं घेत्यात व्हय, मावशी?" हे ऐकायला मिळतं, आणि पाठोपाठ चहा येतो. साडेचार तास नुसतं बसून राहणं बरं दिसत नाही, म्हणून मी शेंगा तोडू लागते, मेथी निवडू लागते. त्या वेळात घर उलगडत जातं. कुणाची सून माहेरी का गेली, बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, पोरगा पुण्यात कुठल्या कंपनीत आहे, सगळं. शेतीपंपाच्या कनेक्शनवरून मात्र मी कधी घेत नाही. ती वीज सवलतीची आहे, पिकाला पाणी मिळावं म्हणून दिलेली. शेतकरी आनंदानं देईल, पण ती दुसऱ्याच्या प्रवासासाठी नाही.

कराडच्या शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं. गीतेचा तिसरा अध्याय शिकवताना दरवर्षी एका जागी थबकायचे. जे मिळालं ते परत न देता नुसतं भोगणाऱ्याला तिथं सरळ चोर म्हटलं आहे. फळ्यापुढं उभं राहून ते सांगणं सोपं होतं. दुसऱ्याच्या ओसरीवर बॅटरी लावून बसलं की प्रश्न अंगावर येतो: हे मी फेडायचं कसं? जाताना लेकराच्या हातात नोट द्यावी? पुढच्या खेपेला पेढे आणावेत? दोन्ही करून पाहिलं. दोन्हींत हिशेब मिटवून मोकळं होण्याची घाई आहे, आणि ती देणाऱ्याला कळते. लेकराच्या हातातली नोट बघून एका आजींचा चेहरा जो उतरला, तो पाहिल्यापासून मी ते बंद केलं.

उत्तर मला शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात मिळालं. आपल्याला तीन ऋणं पाठ असतात: देवांचं, ऋषींचं, पितरांचं. तैत्तिरीय संहितेत तेवढीच आहेत. शतपथ ब्राह्मणात चौथं येतं, ते माणसांचं. माणूस जन्मतो तोच इतर माणसांचा ऋणी म्हणून, आणि हे ऋण फिटतं ते दारी आलेल्याला राहायला जागा आणि खायला अन्न देऊन. ज्याच्याकडून घेतलं त्यालाच परत करायचं, असं तिथं नाही. घ्यायचं एकाकडून, फेडायचं दुसऱ्याकडे. म्हणजे सांगोल्यात मला वीज देणारी बाई माझ्यावर उपकार करत नव्हती. ती स्वतःचं ऋण फेडत होती, आणि मी पैसे पुढं केले की तिच्या फेडण्याच्या आड येत होते. हे समजल्यावर मी नुसतं "बरं झालं, तुम्ही होतात" म्हणायला शिकले. कराडला घराच्या बाहेरच्या भिंतीवर पंधरा अँपिअरचं सॉकेट बसवून घेतलं आणि वर पत्र्याचं छप्पर टाकलं. येणारे थोडेच असतात, पण येतात.

एवढ्यावर मला स्वस्थ वाटलं असतं. पण सोलापूर जिल्ह्यात एका वस्तीवर, बॅटरी लावून बसले असताना, घरच्या आजोबांनी विचारलं, "कुठनं आलासा?" मी कराड म्हटलं. "म्हंजे आमच्याच कोयनेच्या काठच्या की," ते म्हणाले. त्यांचं गाव शिवसागराखाली, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाखाली आहे. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते शाळकरी पोर होते. पावसानं दिवसचे दिवस सूर्य न दिसणाऱ्या खोऱ्यातून उठून ते कुटुंब इथं, जून कोरडा गेला तर माणसं आभाळाकडं बघत बसतात अशा मुलखात, आलं. ते बोलत होते आणि त्यांच्या भिंतीवरच्या सॉकेटातून माझी बॅटरी भरत होती. पैशाचा विषय मी काढला नाही. काढायची हिंमत झाली नाही.

नंतर मी मुद्दाम कोयनेच्या बाजूला गेले. कराडवरून पाटण, हेळवाक, मग कुंभार्ली घाट. ही नदी निसर्गानं पूर्वेला वाहणारी. कराडच्या प्रीतिसंगमावर ती कृष्णेला मिळते. धरणानं तिचं बरंचसं पाणी अडवून सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं. सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडून ते पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. 1962 पासून ही वीज महाराष्ट्राला मिळते आहे. सगळे टप्पे धरून प्रकल्पाची क्षमता आज 1960 मेगावॅट आहे. घाट उतरताना मी ब्रेक लावला की गाडीची मोटरच जनित्र होते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. डोंगराच्या आत पाणी उतरत होतं, बाहेर मी उतरत होते, आणि दोन्हींकडे उतारातून वीज निघत होती. पाणी पश्चिमेला गेलं. आजोबा पूर्वेला गेले.

इथं शतपथ ब्राह्मण मला पुरत नाही, आणि ते मान्य करायला मला जड जात नाही. चौथं ऋण पुढच्या माणसाकडे फेडता येतं, कारण ते खुशीनं दिलेल्याचं ऋण आहे. आजोबांच्या ओसरीवरची वीज त्यांनी मला दिली. त्यांचं खोरं त्यांनी कुणाला दिलं नव्हतं, ते घेतलं गेलं. मी दहा प्रवाशांना सॉकेट दिलं, जेवू घातलं, तरी त्यातला कणभरही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. असं ऋण ज्याचं त्यालाच फेडावं लागतं, आणि ते एकट्या माझं नाही. त्या विजेवर ज्यांच्या घरात गिरणी फिरली, पंखा फिरला, त्या सगळ्यांचं आहे.

महाराष्ट्रानं धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 साली केला. देशात आधी कुठल्या राज्यानं असा कायदा केला नव्हता, याचा मला अभिमान आहे. पण कोयनेचं खोरं त्याआधीच बुडालं होतं. श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली कोयनेची माणसं 2018 साली कोयनानगरला ठिय्या देऊन बसली, तेव्हाही मागणी होती: जमीन द्या, धरणग्रस्त म्हणून नोंद करा. तोवर तिसरी पिढी मोठी झाली होती.

माझ्या वीजबिलात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो, आणि घरगुती ग्राहकाला सोळा टक्के वीज शुल्क असतं. तारा, खांब, कोळसा, सरकार, प्रत्येकाचा वाटा त्यात लिहिलेला आहे. ज्यांची जमीन पाण्याखाली आहे त्यांच्या नावाची ओळ नाही. ती असावी, असं मी आता भेटेल त्याला सांगते. शाळेतले जुने सहकारी म्हणतात, बिल वाढेल. वाढू दे. युनिटामागं चार-पाच पैसे जरी धरले आणि ते फक्त या कुटुंबांच्या राहिलेल्या जमिनीसाठी, पाण्यासाठी, दाखल्यांसाठी वेगळे ठेवले, तरी दर महिन्याला प्रत्येक घरात ते आकडे वाचले जातील. माझी चार युनिटं धरली तर एका बॅटरीमागं वीस पैसे होतात, आणि आजोबांनी नको म्हटलं तरी हे पैसे मला द्यायचे आहेत.