पातळी आणि पाळी

मोकळें पाणी आपली पातळी आपणच शोधून काढतें. दरवाज्यांनीं अडविलेल्या पाण्याची पातळी मात्र कोणी तरी ठरवावी लागते. नदीवर दरवाजे बसले, कीं कांठावरचा पूर हा केवळ दैवाचा कोप राहत नाहीं. त्यांत मनुष्याच्या निर्णयाचाही वांटा येतो. म्हणूनच एका सरोवराभोंवतीं राहणाऱ्यांच्या गरजा परस्परविरुद्ध असतील, तर पाणी कोणाच्या सोयीनें राखावें, हा प्रश्न स्थापत्यशास्त्राचा जितका, तितकाच नीतिशास्त्राचा आहे.

मणिपुरांतील लोकटाक हें याचें बोलकें उदाहरण होय. ईशान्य भारतांतील गोड्या पाण्याचें हें सर्वांत मोठें सरोवर. त्याच्यावर गवत, मुळें व माती यांचे जाड थर तरंगत असतात. त्यांस तेथें ‘फुमदी’ म्हणतात. फुमदीचा सुमारें पांचवा हिस्सा तेवढा पाण्यावर दिसतो. पूर्वीं कोरड्या ऋतूंत पाणी उतरे, फुमदी तळाला टेके, तिचीं मुळें चिखलांतून पोषण घेत, आणि पावसाळ्यांत ती पुन्हां वर येई. पाणी उतरलें म्हणजे कांठचीं शेतें मोकळीं होत. चढलें म्हणजे पेंगबासारखे मासे दूरच्या चिंदविन नदीकडून वर येत.

१९८३ सालीं १०५ मेगावॅटच्या जलविद्युत् प्रकल्पासाठीं मणिपूर नदीवर इथाई येथें बंधारा उभा राहिला, आणि हें चक्र मोडलें. यंत्रांस बारमाही पाणी हवें. म्हणून सरोवर बारमाही भरलेलें राहूं लागलें. कांठचीं शेतें बुडालीं, पेंगबाची वाट अडली. केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानांतील फुमदी तळाला टेकेनाशी होऊन पातळ होऊं लागली. संगाई हरिणाचा आधार हीच तरंगती भूमि. १९७५ च्या गणनेंत तें अवघें १४ उरलें होतें. शेती गेलेल्यांपैकीं कित्येकांनीं जाळें हातीं धरलें. मासेमारी करणारीं अनेक कुटुंबें फुमदीवरच झोपड्या घालून राहत. पुढें सरोवराच्या रक्षणासाठीं २००६ चा कायदा झाला, आणि २०११ मध्यें त्याच्याच आधारें अशा शेकडो झोपड्या जाळण्यांत आल्या. पाणी ज्यांनीं चढविलें नव्हतें, त्यांनाच सरोवर बिघडविल्याचा दंड झाला.

वीज ही तुच्छ वस्तु आहे, असें कोणी म्हणणार नाहीं. रुग्णालयांतील दिवा आणि विद्यार्थ्याचा दिवा यांचें मोल मोठें आहे. ‘बहुतांच्या हितासाठीं थोड्यांनीं सोसावें’ हा युक्तिवाद येथें सहज सुचतो. परंतु सोसण्यास सिद्ध होणें आणि सोसावयास लावलें जाणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिल्यास त्याग म्हणतात. दुसऱ्यास तें नांव देण्याचा अधिकार निदान लाभ घेणाऱ्याला तरी नाहीं. हिशेबाच्या वहींत जमा एकाची आणि खर्च दुसऱ्याचा असेल, तर खालची बेरीज कितीही मोठी दिसली, तरी ती न्यायाची होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, सर्वांना थोडी थोडी सोसवेल अशी एक मधली पातळी कायमची ठरवून टाकावी. पण शेताला जमीन उघडी हवी, माशाला पाणी चढतें हवें, फुमदीला दोन्ही हवें, मात्र आपापल्या ऋतूंत. कायमच्या मधल्या पातळीनें यांपैकीं एकाचीही गरज भागत नाहीं. सम पातळी म्हणजे समता नव्हे. आपल्याकडे कालव्याच्या पाण्याला ‘पाळी’ हा सुंदर शब्द आहे. ज्याची पाळी, त्याला त्या वेळीं पुरेसें पाणी. मग दुसऱ्याची पाळी. मनुष्याचा हात लागण्यापूर्वीं लोकटाक नेमका याच न्यायानें चाले.

तेव्हां कांहीं आठवडे दरवाजे उघडून पाणी उतरूं द्यावें, हाच धर्म्य मार्ग दिसतो. त्यांत विजेची तूट येईल, हें खरें. ती तूट वीज वापरणाऱ्यांनीं वांटून घ्यावी. आजवर कांठावरच्यांनीं ती एकट्यांनीं भरली आहे. आणि दरवाजा कधीं उघडावा, हें ठरविणाऱ्यांच्या बैठकींत शेतकऱ्याला व मासेमाराला जागा असावी, कारण पाणी एक हात चढलें म्हणजे काय बुडतें, हें त्यांच्याइतकें कोणत्याही मोजपट्टीला समजत नाहीं.