सांगून लागणारी ओढ

कथालेखनाच्या कार्यशाळांमध्ये सध्या एकच सूत्र फिरतं: पहिल्याच वाक्यात वाचकाला धक्का द्या. आवाजाने सुरुवात करा, किंकाळीने करा, प्रश्नाने करा. काय घडलं ते मात्र लगेच सांगू नका. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळसारख्या गावापर्यंत हे सूत्र पोहोचायला वेळ लागलेला नाही. नववी-दहावीच्या वह्यांत अमावास्येची रात्र आणि कर्रकन उघडणारं दार यांची गर्दी झाली आहे. दारात उभा असलेला ‘तो’ कोण, हे दहाव्या ओळीपर्यंत कळत नाही. याला उत्कंठा म्हणतात. मला ती उत्कंठेची नक्कल वाटते.

दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत कथालेखनाला साधारण ८० ते ९० शब्द मिळतात. त्यातले ३० लपवाछपवीत गेले तर कथेला उरतं काय? पण माझा मुख्य आक्षेप जागेचा नाही. हवी तेवढी पानं मिळाली असती तरी सूत्र चुकीचंच राहिलं असतं. वाचकाला कमी सांगितलं की त्याला जास्त जाणून घ्यावंसं वाटतं, असा त्यामागचा समज आहे. अनुभव उलटा आहे. ज्या माणसाविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, त्याचं पुढे काय होणार याची आपल्याला काळजीही वाटत नाही.

सूत्राचे पुरस्कर्ते होमरचा दाखला देतात: कथा मधूनच सुरू करा. ‘इलियड’ मधूनच सुरू होतं हे खरं. पण अकिलीसचा क्रोध हा आपला विषय आहे आणि त्या क्रोधापायी ग्रीकांचे कितीतरी वीर मेले, हे ते आरंभीच सांगून टाकतं. काफ्काच्या १९१५ सालच्या ‘मेटामॉर्फोसिस’चंही नाव घेतलं जातं. तिथे ग्रेगर साम्साचा किडा झाला, हे पहिल्याच वाक्यात नावानिशी कळतं. काफ्काने नुसत्या ‘त्याला’ने सुरुवात करून किडा तिसऱ्या पानावर उघड केला असता, तर ती एक क्लृप्ती ठरली असती. जनमेजय महाभारत ऐकायला बसतो तेव्हा युद्ध कधीच संपलेलं असतं. जिंकलेल्यांच्याच वंशात तो जन्मला आहे. तरी तो ऐकतो. आपल्याकडे दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर नाटक बघणारा झाडीपट्टीचा प्रेक्षकही शेवट बहुधा ओळखून असतो. तो पहाटेपर्यंत उठत नाही, कारण माणसं कोण आणि त्यांची कोंडी कुठे झाली आहे, हे त्याला पहिल्या अंकातच कळलेलं असतं.

  

मग रहस्यकथेचं काय, हा प्रश्न रास्त आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या वाचकाला कोणी लपवाछपवी वाईट म्हणून सांगू नये. पण खून कुणी केला हे तपास करणाऱ्यालाही ठाऊक नसतं; वाचक त्याच्यासोबतच चाचपडत असतो. भेद नेमका इथे आहे. जे पात्रालाही ठाऊक नाही ते वाचकाला न सांगणं ही कथेची गरज. जे पात्राला पुरतं ठाऊक आहे ते केवळ वाचकापासून दडवणं ही लिहिणाऱ्याची लबाडी. पहिल्यातून ओढ लागते, दुसऱ्यातून फार तर चुळबुळ होते.

समजा, अड्याळच्या एखाद्या मुलीने लिहिलं: ‘रोवणी अर्ध्यावर आली आणि आमचे पऱ्हे संपले.’ भाताची लावणी अर्धी राहिली आणि रोपं संपली, यात काहीच दडवलेलं नाही. तरी अर्धी बांधी रिकामी आहे, दिवस सरत आहेत, पऱ्हे मागायचे कुणाकडे, आणि ज्याच्याकडे आहेत त्याच्या घराशी बोलणं तरी आहे का, हे सगळं उभं राहतं. सूत्राप्रमाणे तीच मुलगी लिहील: ‘तिच्या पायाखालची जमीन सरकली. आता काय होणार?’ हे वाक्य कुठल्याही गावचं आहे, म्हणजे कुठलंच नाही. दडवणाऱ्या सुरुवातीला गाव परवडत नाही, कारण गाव सांगितलं की बरंच काही सांगून होतं. म्हणून बांधी, बोडी, मोहफुलं, झाडीबोलीतला एखादा नेमका शब्द, हे सगळं वहीबाहेर राहतं. गोसेखुर्द धरणात ज्या घराचं गाव गेलं, त्या घरातलं मूलही मग जुन्या वाड्यातल्या भुताची गोष्ट लिहितं. हे नुकसान मला गुणांच्या नुकसानापेक्षा मोठं वाटतं.

यावर उपाय आहे, आणि तो तपासणाऱ्याच्या हातात आहे. ‘पुढे वाचावंसं वाटलं का?’ या एकाच कसोटीवर सुरुवात जोखली की मुलं क्लृप्त्या शोधतात. त्याऐवजी विचारावं: पात्राला जे ठाऊक आहे ते तू आम्हाला सांगितलंस का? नसेल, तर ते आधी लिहायला लावावं. सगळं सांगून झाल्यावरही वर्गातून कुणी ‘मग काय झालं?’ असं विचारलं, तर सुरुवात जमली. कुणीच विचारलं नाही, तर सुरुवात सजवून काही साधणार नाही. त्या मुलाला त्याची गोष्ट अजून सापडलेली नाही, आणि ती सापडेपर्यंत त्याच्यासोबत थांबणं हेच कथालेखन शिकवणं आहे.