‘मामा, तू बघितलंच नाहीस’

कागदावर आधी एक वर्तुळ काढायचं, हलक्या हातानं. मग त्यात एक उभी आणि एक आडवी रेघ. पण सरळ नाही, चेंडूवर दोरा गुंडाळावा तशी गोलाईनं जाणारी. पुढे टेबलाशी बसलेला चित्रकार हे सांगत होता, त्याचा हात मोठ्या पडद्यावर दिसत होता आणि खोलीभर माणसं मांडीवर पॅड धरून त्याच्या मागोमाग पेन्सिल चालवत होती. अर्ध्याहून जास्त मुलं, बाकी त्यांचे आईबाप आणि एक मी.

कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेची दोन पार्कं शेजारी शेजारी आहेत. त्यातल्या ‘डिस्ने कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर’मध्ये ‘अ‍ॅनिमेशन अकॅडमी’ नावाचा हा वर्ग चालतो. पार्कचं तिकीट असलं की वर्गाचे वेगळे पैसे नाहीत. थोड्या वेळात एक पात्र काढून होतं आणि कागद घरी न्यायला मिळतो. कंपनीच्या कामानं मी तीन महिने तिकडे होतो. चुलत बहीण तिथेच राहते, तिच्या दोन पोरांना घेऊन गेलो होतो. मी बुलडाणा जिल्ह्यातल्या चिखलीचा. आमच्या लहानपणी पार्क म्हणजे शेगावचं आनंदसागर: तळं, झुलता पूल, छोटी आगगाडी. तिथे दमेपर्यंत पळायचं, मग डबा खायचा. पार्कमध्ये जाऊन वर्गात बसायचं, ही कल्पना मला जरा विनोदीच वाटली होती.

त्या दिवशीचं पात्र मिकी होतं. सात वर्षांच्या भाच्यानं काढून संपवलं आणि कागद माझ्याकडे वळवला. “मामा, बघ.” मी तेव्हा पडद्याचा फोटो काढत होतो. “अरे वा, मस्त!” म्हणालो. तो दोन सेकंद थांबला आणि शांतपणे म्हणाला, “तू बघितलंच नाहीस.” मग कागदाची चार घड्यांची पुडी करून त्यानं खिशात घातली.

गुन्हा तसा काहीच नाही. रोज घराघरांत दहा वेळा घडतं हे. पोरगं काहीतरी दाखवतं, आपण ‘छान’ म्हणतो. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याचं कारण मुलांना कसं वाढवावं याच्याशी फारसं संबंधित नाही.

पहिली शंका माझी मलाच आली. न बघता ‘छान’ म्हणणं एवढं वाईट असेल, तर माझी आजी मोठी खोटारडी ठरेल. तिला चष्म्याशिवाय काही दिसायचं नाही. तरी माझी प्रत्येक वही हातात घेऊन ती ‘लय भारी’ म्हणायची. मला ते कधीच खोटं वाटलं नाही. आता लक्षात येतं, ती चित्राबद्दल बोलतच नव्हती. ‘तू आलास, बरं वाटलं’ एवढाच तिचा अर्थ होता आणि तो खरा होता. मला आणि तिला दोघांनाही तो ठाऊक होता. भाच्यानं मला विचारलं होतं ते वेगळं. त्याला माया नको होती, ती घरी भरपूर आहे. त्याला एक डोळा हवा होता. मी त्याला आजीचं उत्तर दिलं, तेही फोनकडे बघत.

उलट्या बाजूचा अनुभवही माझ्याकडे आहे. शाळेत आम्ही शासकीय रेखाकला परीक्षेला बसायचो, एलिमेंटरी आणि मग इंटरमीजिएट. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. त्याच्या तयारीत फुगेवाला, डोक्यावर घागर घेतलेली बाई, सायकलवरचा माणूस अशा ठरलेल्या आकृत्या आम्ही घोकायचो. एकदा एका स्पर्धेसाठी मी बाजाराचं चित्र काढलं. चित्रकलेचे सर आले, काही न बोलता माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्या माणसांवरून स्वतःच्या रेघा मारल्या. हात सुधारले, पाय सुधारले. चित्राला दुसरं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर माझं नाव आहे, ते अजून चिखलीच्या घरी भिंतीवर आहे. मी तिकडे बघायचं टाळतो. सरांना माझ्या चित्रातल्या चुका तेवढ्या दिसल्या होत्या. मी ती माणसं तशी का काढली, हे त्यांनी विचारलं नाही. न बघता ‘मस्त’ म्हणणारा मी आणि न विचारता दुरुस्त करणारे सर, दोघांचंही काम चित्राशिवाय भागलं.

आता ऑफिसचं सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचून मंजूर करायचा असतो. वाचून झालं की आम्ही ‘एलजीटीएम’ अशी चार अक्षरं टाकतो. मला ठीक दिसतंय, असा त्याचा अर्थ. दिवसाला दहा-बारा कोड येतात, त्यातले निम्मे मी वरवर चाळतो. हे कबूल करायला लाज वाटते, पण या धंद्यातला जो वाचत असेल त्याला ठाऊक आहे. अमेरिकेला जाण्याच्या काही महिने आधी टीममधल्या एका नव्या मुलीचा कोड मी असाच मंजूर केला. ती छोट्या गावातल्या कॉलेजातून आलेली, पहिलीच नोकरी. दोन दिवसांनी तारखांचा हिशेब चुकला आणि ग्राहकांच्या तक्रारी आल्या. मीटिंगमध्ये बोलणी तिनं खाल्ली. नंतर मी तो कोड उघडला, तर चुकीच्या ओळीच्या बरोबर वर तिनं माझं नाव घालून लिहून ठेवलं होतं: महिन्याचा शेवटचा दिवस इथे बरोबर धरला जातोय का, बघाल का?

तिनं विचारलं होतं. मी ‘मला ठीक दिसतंय’ असं उत्तर दिलं होतं. ‘दिसतंय’ हा शब्द तर सरळ खोटा होता. मीटिंगमध्ये मी गप्प बसलो, हा पुढचा भाग. नंतर तिची माफी मागितली, पण चार लोकांसमोर नाही.

भाच्याकडे परत येतो. रात्री त्याची पँट धुवायला टाकताना ती पुडी सापडली. उघडून पहिल्यांदा नीट पाहिलं. मिकीचा एक कान मोठा होता. दुसरा अगदी लहान, डोक्याच्या मागे अर्धा लपलेला. सकाळी त्याला विचारलं, “हा कान असा का?” तो म्हणाला, “तो तिकडे बघतोय ना, मग तो कान मागे जाणार.”

उत्तर बरोबर होतं. चित्रकारानं वळवायला सांगितलेलं डोकं पोरानं खरंच वळवलं होतं. आणि मिकीच्या जगात ते उत्तर चूक होतं. मिकी कुठेही बघो, त्याचे कान दोन पूर्ण गोलच काढतात. १९२८ साली अब आयवर्क्सनं त्याला वर्तुळांतून घडवलं, कारण हजारो चित्रं भराभर काढायची होती. पुढे अनेक हातांनी एकच पात्र काढायचं म्हणून स्टुडिओत ‘मॉडेल शीट’ असते. हे पात्र समोरून, बाजूनं, हसताना नेमकं कसं दिसतं ते त्यात ठरलेलं असतं. त्या कामात स्वतःचा हात लपवणं हेच कौशल्य. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाला हेच तंत्र शिकवायला आले होते. १९५७चा ‘द बनियन डिअर’ हा त्यातून झालेला चित्रपट.

म्हणजे ‘मुलांच्या कलेत चूक नसतेच’ असं म्हणून सुटता येत नाही. मिकीचा कान चुकतो, जशी महिन्याची शेवटची तारीख चुकते. पोराला बरोबर काढायचंच होतं, म्हणून तर तो माझ्याकडे आला. पण चूक आहे एवढं कळण्यासाठी वरवरची नजर पुरते. ती चूक का झाली आणि तिच्यामागे केवढा विचार होता, हे कळायला थांबावं लागतं.

बरहुकूम नक्कल करण्याला आपण हसतो. मीही त्या वर्गात हसलो होतो. पण आमच्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडेच अजिंठा आहे. तिथे रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं बसून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी घेऊन लेण्यांत गेले आणि पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. अंधाऱ्या लेण्यात एका बोटाची वळणरेषा उतरवायची, तर ते बोट किती वेळ पाहावं लागलं असेल? कागद जळाले, पण त्या पोरांचं ते पाहणं झालेलं होतं.

सोपा उपदेश इथे करता आला असता: प्रत्येक गोष्ट नीट बघा. पण ते खरं नाही. दिवसाला बारा कोड मी नीट वाचू शकत नाही आणि दोन पोरांच्या आईला दिवसाची वीस चित्रं बघता येत नाहीत. लक्ष मोजकंच असतं. मग मला एवढंच कळतं की, न बघितलेल्या गोष्टीला बघितली म्हणू नये. ‘अजून बघितलं नाही, रात्री बघतो’ हे ‘मस्त’पेक्षा ऐकायला कोरडं आहे. पण त्यात समोरच्याचा प्रश्न जिवंत राहतो. ‘मस्त’ म्हटलं की तो मिटतो. आता ऑफिसात मी तसंच लिहितो. माझ्याकडे कोड तुंबतात आणि मॅनेजर नाराज असतो.

परत आल्यावर पोळ्याला घरी गेलो. ओसरीत गल्लीतली आठ-दहा पोरं बसवली आणि पडद्याशिवाय तोच वर्ग घेतला: आधी हलक्या हातानं वर्तुळ, मग बैलाचं तोंड, शिंगं, पाठ. भराभर कागद पुढे आले. तिघांना ‘मस्त रे’ म्हणून मोकळा झालो, सवय जात नाही. मग एका मुलीचा बैल हातात घेतला. पाठ खाटेसारखी सपाट. “वशिंड कुठे गेलं?” विचारलं.

“मले नाही माहीत कुठं असते थे,” ती म्हणाली. “आमच्याकडं ट्रॅक्टर हाय.”

बाहेर बैल यायला लागले होते. कागद तिथेच ठेवून आम्ही सगळे बघायला गेलो.