साधन की साध्य?

स्त्रियांना शिक्षण आणि रोजगार नाकारल्याने देशाची आर्थिक वाढ खुंटते, हा युक्तिवाद आज सर्रास केला जातो. त्याचा गाभा सोपा आहे. डॉक्टर, अभियंते, व्यवस्थापक निवडताना निम्मी लोकसंख्या आधीच बाजूला काढली, तर जागा भरतात, पण भरणाऱ्यांचा कस उतरतो. शिवाय शिकलेल्या आईची मुले जगण्याची आणि शिकण्याची शक्यता वाढते. त्यामुळे नुकसान एका पिढीवर थांबत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल यानेही १८६९ च्या ‘द सब्जेक्शन ऑफ विमेन’मध्ये स्त्रियांना मोकळीक दिली तर समाजाच्या हाताशी असलेली बुद्धी दुप्पट होईल, असे म्हटले होते. पण हा फायदा त्याने दुसरा धरला; पहिला न्यायाचा. अलीकडे नेमका हाच क्रम उलटला आहे.

उलटल्यावर काय होते, ते दक्षिण कोरियात दिसते. १९६० नंतर त्या देशाने निर्यातीच्या बळावर झेप घेतली, तेव्हा कापड आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत तरुण मुली पुरुषांच्या जवळपास निम्म्या पगारावर राबत होत्या. अर्थशास्त्रज्ञ स्टेफनी सेग्विनो यांच्या २००० सालच्या अभ्यासात अशा निर्यातप्रधान देशांमध्ये स्त्री-पुरुष वेतनातली तफावत जिथे जास्त, तिथे वाढीचा वेगही जास्त आढळला. म्हणजे शाळेतली विषमता वाढीला मारक, पगारातली मात्र पोषक ठरू शकते! ‘वाढीसाठी समानता’ म्हणणाऱ्याची इथे पंचाईत होते. न्याय आधी मानणाऱ्याची होत नाही.

वाढ मोजण्याची पट्टीही निर्दोष नाही. एखाद्या गृहस्थाने घर सांभाळणाऱ्या पगारी बाईशीच लग्न केले, तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी दाखवून दिली होती. स्वयंपाक तोच, हात तेच. फक्त पगार थांबला. भारताच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. या मिनिटांना राष्ट्रीय उत्पन्नात जागा नाही.

अमर्त्य सेन यांनी ‘डेव्हलपमेंट ॲज फ्रीडम’मध्ये स्वातंत्र्य हे विकासाचे साधन तर मानलेच, पण त्याआधी साध्य मानले. स्त्रीचे शिक्षण याच अर्थाने विकास आहे, मग उत्पन्न वाढो वा न वाढो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतनाचे तत्त्व आहे. त्याला उत्पन्नवाढीची अट जोडलेली नाही.